कळकट बाटल्या

खिडकीत माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, बाटल्या वाळताहेत. कळकट आहेत, पण मला हात लावायची बंदी आहे.

मुक्ता प्रयोगासाठी पापुद्र्यांची, म्हणजे पातळ थरांची, माती भट्टीत भाजते. ती माती तळ्याच्या पाण्यात टाकली की जलपर्णीला पोसणारं फॉस्फेट ओढून घेते; ते पाणी ती या बाटल्यांत भरून तपासते. परवा मी तिच्या बाटल्या कपड्यांच्या पावडरीने लख्ख घासून दिल्या. संध्याकाळी ती तापूनच आली.

"आई, माती टाकूनही फॉस्फेट वाढलं. बाटल्या कशाने धुतल्यास?"

"पावडरीने."

"अगं, तळ्यात ते पावडरीतूनच तर जातं."

तापलेली माती मुकाट गिळते, तापलेली लेक बोलते. पण बोलली ते खरंच. तळ्यावरून जाताना रोज नाक मुरडणारी मी, आणि फेस माझ्याच मोरीतला.

बाटल्या कळकटच आहेत. मी हातांची घडी घालून बसले आहे.