रेशनकार्डावर नसलेला मुलगा

धोपाव्याजवळच्या एका हायस्कुलात अभय तांबे तेवीस वर्षं लिपिक आहेत. जन्मतारखेचा घोळ घेऊन पालक आले, की जनरल रजिस्टर उघडण्याआधीच कुणाची तारीख कुठे चुकली ते सांगतात. गावात त्यांचं नाव आहे ते यासाठी.

गेल्या वर्षी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी आजार दबला, पण उलटायची भीती होती. मुंबईच्या डॉक्टरांनी बोनमॅरो बदलायला सांगितला. भावंडं दोन. मुंबईत नोकरीला असलेल्या महेंद्रची तपासणी जुळली नाही. धाकट्या आम्रपालीची जुळली. ती खाडीपलीकडे दाभोळला अंगणवाडी सेविका आहे. फेरीबोटीने दहा मिनिटं.

बहिणीचा दात्याचा फॉर्म तांब्यांनीच भरला. घरातले सगळे फॉर्म तेच भरतात. तिला विचारायची गरज वाटली नाही. तिच्या रेशनकार्डाची झेरॉक्स जवळ होती. गर्भधारणा किती? दोन. त्यात मुलगे? नाही.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी फॉर्म वाचला आणि तोच प्रश्न आम्रपालीला पुन्हा विचारला.

“लिहिलंय ना मॅडम,” तांबे मध्येच म्हणाले. “दोन मुली.”

“तुम्हाला नाही विचारलं. बाळंतपणं तुमची नव्हती.”

आम्रपाली हसली नाही. “तीन,” ती म्हणाली. “मधला मुलगा होता. दिवस पूर्ण भरलेले. पोटातच गेला.” मग भावाकडे वळली. “दादा, तुझ्या शाळेत दहावीचं केंद्र होतं तेव्हा.”

तांब्यांना आठवलं. फोन आला होता. ‘परीक्षा संपली की येतो’ असं ते म्हणाले होते. गेले ते थेट महिन्याभराने, चौदा एप्रिलच्या जयंतीला. तेव्हा कुणी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. नऊ वर्षांत ते मूल त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. पुरुषाचं आणि बाईचं शरीर आजाराशी सारखं लढत नाही; संप्रेरकं वेगळी, प्रतिकारशक्ती वेगळी. पोटात मुलगा वाढला, की आईच्या काही पेशी पुरुषाच्या पेशींवरची खूण ओळखायला शिकतात. त्याच पेशी भावाच्या अंगात गेल्या तर कातडी, आतडी, यकृत यांच्यावर तुटून पडू शकतात. उरलेला कर्करोग कधी कधी त्याच हुडकून मारतात, तेवढा फायदा.

“दुसरा दाता नाही, तेव्हा हिचाच घेऊ,” त्या म्हणाल्या. “पण औषधं तुमच्यापुरती वेगळी बेतावी लागतील. या कागदावर विसंबले असते तर?”

“चुकून राहिलं,” तांबे म्हणाले.

“चुकून नाही रे,” आम्रपाली म्हणाली. “रेशनकार्डावर नाव नव्हतं त्याचं.”

बोनमॅरो बदलला. तिसऱ्या महिन्यात तांब्यांच्या छातीवर आणि हातांवर लाल चट्टे उठले. डॉक्टर त्या तयारीत होत्या, म्हणून ते तेवढ्यावर आटोक्यात आले. पुढच्या तपासणीत कळलं, की त्यांच्या रक्तातली गुणसूत्रं आता बहिणीची, म्हणजे बाईची आहेत. हे स्टाफरूममध्ये पोचलं तेव्हा चित्रकलेचे रितेश सर म्हणाले, “तांबेभाऊ, यंदा ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवर उभे राहा!” सगळे हसले. तांबे कपाटातलं रजिस्टर शोधत राहिले.

परवाच्या रविवारी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालून ते फेरीबोटीत बसले. आम्रपाली दारात तांदूळ निवडत होती.

“काय दादा, संपली का परीक्षा?”

त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, “बाळाला कुठे पुरलंय ते बघायचं होतं.”

तिने सूप खाली ठेवलं आणि डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या सड्याकडे हात केला. “तो काळा कातळ दिसतो ना, त्याच्या अलीकडे. पण वाटेत एक झाड नाही. डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलंय तुला. अंगावर पुन्हा चट्टे उठले तर माझ्या नावानं बोंबलशील.”

“थांबतो.”

ती तांदूळ निवडू लागली. धक्क्यावरून दीडची बोट सुटल्याचा भोंगा ऐकू आला. ऊन उतरायला अजून तीन तास होते. तांबे टोपी मांडीवर ठेवून पडवीत बसले.