रायपूर रानीचा वारा आणि आम्ही तिघं

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते. चकवा, झपाटणं, अंगात येणं, असलं काही कोणी बोलायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘मोजलंस का?’ त्यामुळे सासरी माझ्यासमोर या गोष्टी कोणी काढत नाही. आता हे लिहितेय म्हटल्यावर नणंदबाईंना किती आनंद होईल याची मला पूर्ण कल्पना आहे. होऊ दे.

मूळची मी सांगलीची. नवऱ्याच्या, म्हणजे मिलिंदच्या, नोकरीमुळे चंदीगडला आलो. मला तिथे शिकवायचं काम मिळालं, आणि रस्ते असे रुंद आणि सावलीचे की चाळिशी ओलांडल्यावर मी सायकल घेतली. चांगली, बारीक टायरची. तिची किंमत मिलिंदला अजून पूर्ण सांगितलेली नाही.

आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप होता. दर मार्चमध्ये आमची एक मोठी राइड व्हायची. पहाटे सेक्टर १७ मधून निघायचं, पंचकुल्यावरून मोरनीचा डोंगर चढायचा, पलीकडे रायपूर रानीला उतरायचं आणि गावागावांतल्या आतल्या रस्त्याने परत यायचं. सूर्य मावळायच्या आत सेक्टर १७ गाठलं तर राइड पूर्ण, नाहीतर नाही. मागून एक पिकअप येते आणि दमलेल्यांना सायकलसकट उचलते.

मला तिने दोनदा उचललं होतं. एकदा चढावर पायात गोळे आले म्हणून, आणि दुसऱ्यांदा परतीच्या वाऱ्यात. त्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आणि या वर्षी मिलिंदची बदली पुण्याला झाली होती, घरात अर्ध्या वस्तू खोक्यांत गेल्या होत्या. म्हणजे ही शेवटची संधी होती. मला ती राइड पूर्ण करायचीच होती. का, ते मला विचारू नका. दोनदा हरलेली जागा तशीच सोडून गाव बदलायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

आमची रेवा, नववीतली, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत. आदल्या संध्याकाळी म्हणाली, “मम्मा, पिकअप वाले अंकल के लिए भी टिफिन रख लो. आपका तो उनके साथ ही लंच होता है.”

टिफिन मात्र एकच भरला.

ज्यांनी ग्रुपमध्ये सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुढचा सायकलवाला वारा कापतो. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की आपल्याला वारा लागत नाही, कानातला घोंगावणारा आवाज थांबतो, पाय हलके पडतात. पण पुढच्याने किती दमायचं? म्हणून थोड्या वेळाने तो कोपर बाहेर उडवतो, म्हणजे ‘चल, तू ये आता’, आणि बाजूला सरकून मागे येतो. तोंडाने कोणी काही बोलत नाही. आमच्या ग्रुपचे म्होरके बलबीर अंकल यांचा यावर एकच नियम होता. “मैडम जी, जिसके पीछे बैठे हो, उसके आगे भी आना पड़ेगा. मुफ़्त की हवा नहीं खाते.”

तर त्या दिवशी. चढ मी आरामात चढले, म्हणजे गोगलगायीसारखी, पण न थांबता. चिडाची, म्हणजे पाइनची, झाडं लागली, मोरनी आलं, पराठा खाल्ला, गुडघा गप्प होता. निखिल तिथेच पंक्चर काढत बसला होता. निखिल जळगावचा, मोहालीत सॉफ्टवेअरमध्ये, मला ताई म्हणतो. एरवी चढावर मला मागे टाकून जाणारा हा पोरगा पंक्चर काढताना बघून मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

रायपूर रानीला उतरले आणि वारा सुरू झाला. समोरून, सरळ तोंडावर. दुतर्फा गहू, आणि सगळा गहू माझ्याकडे वाकलेला. पुढचे लोक कधीच निघून गेले होते. मी एकटी. पाय मारतेय, मारतेय, आणि सायकल चिखलातून चालल्यासारखी. ऊन पुढून डोळ्यांत. मनातल्या मनात हिशोब केला, या वेगाने सूर्य मला हरवणार. मागे वळून पाहिलं नाही, कारण पिकअप दिसली असती तर मी थांबले असते. रडू आलं होतं हेही सांगून टाकते.

आणि मग वारा थांबला.

पहिला विचार तुम्हाला येईल तोच मला आला, की वारा पडला. पण गहू तसाच वाकलेला होता. पुढच्या गावातल्या गुरुद्वाऱ्याचं निशाण ताठ माझ्या दिशेने फडफडत होतं. एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन समोरून येत होती, तिची ओढणी तिच्याही पुढे उडत होती. वारा सगळ्यांना होता. फक्त मला नव्हता. कानातला आवाज बंद, पाय हलके. ही जाणीव मला पक्की ओळखीची होती. मी कोणाच्या तरी मागे होते.

समोर रिकामा रस्ता.

भीती वाटली का? खरं सांगू, नाही वाटली. इतकी दमले होते की आधी फक्त बरं वाटलं. थोडं अंतर अशी गेले. मग तो आडोसा हळूच डावीकडे सरकला. आधी उजव्या गालावर वारा लागला, मग पूर्ण तोंडावर. पुढचा माणूस बाजूला होतो तेव्हा असंच लागतं, तसूभर फरक नाही.

मला बलबीर अंकल आठवले. मी मान खाली घातली आणि वारा कापायला लागले. माझा टर्न होता. जीव निघेपर्यंत ओढलं, आणि मग — रिकाम्या रस्त्यावर, माझं मलाच हसू येत होतं तरी — कोपर बाहेर उडवलं आणि बाजूला सरकले. वेग थोडा कमी केला. पुन्हा मध्ये आले.

वारा बंद.

असं आम्ही गावामागून गाव काढलं. थोडं त्याने, थोडं मी. ‘त्याने’ लिहितेय, पण ती बाईसुद्धा असेल, मला काय माहीत. आडोसा किती टिकतो ते मी मोठ्याने मोजून बघितलं, मीटरवर वेग बघितला, मनगटावरच्या घड्याळात नाडी बघितली. आडोशात असताना वेग तोच, आणि नाडी खाली. मोजलंस का विचारणारीने मोजलं होतं.

इतक्यात मागून चेनचा आवाज आला. निखिल. चेहरा मिठाने पांढरा, पुरता संपलेला.

“ताई, कधीपासून तुम्हाला पकडायला बघतोय. तुम्ही मधेच बाजूला काय होत होतात? कोपर काय हलवत होतात? किसको आगे भेज रहे थे, यार?”

“तू आधी माझ्या मागे राहा,” मी म्हटलं.

तो मागे लागला. मग मला मदत करायची म्हणून पुढे यायला बाजूला निघाला, आणि वाऱ्याने त्याला असा दणका दिला की परत मागे आला. पुन्हा निघाला, पुन्हा आला.

“ताई, तुमच्या मागे वारा लागतच नाहीये. तुम्ही एवढ्याशा. हे कसं काय?”

“मलाही लागत नाहीये.”

त्याने माझ्या खांद्यावरून पुढचा रिकामा रस्ता बघितला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मग लागतोय कोणाला?”

मला फक्त एवढंच सांगता आलं, की आडोसा सरकला की मी पुढे जाणार, आणि माझं कोपर हललं की तू यायचंस. तुझा टर्न चुकवायचा नाही. पोरगा चांगला आहे, वाद घातला नाही. त्याचा टर्न आला तेव्हा तो गेला पुढे, दात-ओठ खाऊन गेला, आणि त्याने कोपर उडवलं तेव्हा पुढे यायला कोणीच दिसत नव्हतं. तरी वारा थांबला. तो बाजूने मागे जाताना मी बघितलं, त्याच्या मानेवर काटा आला होता. मग आम्ही दोघं हसायलाच लागलो, वेड लागल्यासारखे. पिकअपचा हॉर्न मागे कुठेतरी ऐकू आला आणि मागेच राहिला.

आतला रस्ता संपून मोठा रस्ता लागतो तिथे निखिलचा टर्न होता. त्याने कोपर उडवलं, बाजूला झाला. वारा तसाच तोंडावर. पुन्हा उडवलं. काही नाही. तिथून पुढे आम्ही दोघंच होतो.

“थँक्यू हां,” मी मोठ्याने म्हटलं. निखिलने डोक्यावरचं हेल्मेट उगाच नीट केलं.

सेक्टर १७ ला शिरलो तेव्हा इमारतींच्या वरच्या मजल्यांवर ऊन होतं. होतं. मी ते डोळे भरून बघून घेतलं. ग्रुपमधलं कोणीतरी ढोलवाला आणला होता, बलबीर अंकलनी माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला, मिलिंद फोटो काढायचं सोडून नुसता उभा. आणि रेवा पळत आली, घामासकट मिठी मारली आणि चक्क मराठीत म्हणाली, “आई, तू आलीस.”

त्या दिवशी मला आणखी काही नको होतं.

बलबीर अंकलना नंतर सगळं सांगितलं. विचारलं, त्या रस्त्यावर कोणी सायकलवाला कधी अपघातात गेलाय का? त्यांनी मान हलवली. “ना जी. बचपन से जा रहा हूँ उस रोड पे, ऐसा कुछ नहीं हुआ. हवा बहुत है, बस.” मग बराच वेळ लाडवाच्या डब्याचं झाकण लावत बसले.

पुण्याला निघायच्या आधी मी आणि निखिल पुन्हा तिथे गेलो. तसंच दुपारचं, तसाच वारा, गहू तसाच वाकलेला. सबंध रस्ता वारा खाल्ला. आडोसा देईल असा बांध, भिंत, झाडांची रांग, काही नव्हतं. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी तीन-चार कारणं सुचवली, ती मी फळ्यावर मांडून पाहिली. एकही टिकलं नाही. माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि मला त्याचा त्रासही होतो.

पण एक सांगते. हे ऐकल्यावर लोक म्हणतात, बाई, कोणीतरी तुम्हाला तारून नेलं. नेलं नाही. माझ्या वाट्याचा वारा मी कापला. ते जे कोणी होतं, त्याला मी मुफ़्तची हवा मागितली नाही, आणि म्हणूनच, मला वाटतं, ते पुन्हापुन्हा पुढे आलं.