हवालदार पडलाच नव्हता

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. म्हणजे हसाल तर हसा, पण चहा नाकात गेला तर मला बोल लावू नका!

तर मी तेव्हा बीडच्या एका दैनिकाचा नांदूरघाटचा बातमीदार. जत्रेतल्या कुस्त्यांच्या बातम्या मीच लिहायचो आणि त्याच कुस्त्यांना माईकवर मीच बोलायचो. एकदा तोंड उघडलं की मैदान डोक्यावर घ्यायचो. मी नाही म्हणत, लोक म्हणायचे.

अशात दिंद्रुडकडच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा निरोप आला. दुष्काळानं ऊस जागेवर वाळलेला, गाळप बंद, आवार मोकळं. सभासदांचा जीव रमावा म्हणून साहेबांनी ठेवलं काय, तर बॉक्सिंग! गावातला सुट्टीवर आलेला फौजी विरुद्ध बीडचा एक हवालदार. निरोपाच्या शेवटी होतं, "औरंगाबादहून रेडिओचे साहेब येणार आहेत. तुमची कॉमेंट्री आवडली तर तुम्हाला रेडिओवर घेतील."

रेडिओवर! मी तिथंच होकार देऊन टाकला. भीती वाटली ती नंतर. कारण काय, मी उभ्या जन्मात बॉक्सिंग पाहिलं नव्हतं!

वाचनालयातून एक पुस्तक आणलं. आठ दिवस जॅब, हूक, अपरकट अशी ठोशांची नावं घोकत बसलो. झोपेत बायकोला "डोकं खाली घे!" म्हणून ओरडलो. तरी धीर होईना. शेवटी पहिल्या फेरीची अख्खी कॉमेंट्री आधीच लिहून काढली. चार कागद भरले! अडखळलो तर जवळ असावी, एवढाच हेतू हो.

बायकोनं कागद पाहिले. "आवो, मारामारी व्हायच्या आधीच कुनी कुनाला पाडलं ते कसं लिव्हलं?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. तिला सगळं कळत होतं, पण ते पुढं.

सामन्याच्या दिवशी कारखान्यावर पोचलो आणि आठवलं, घंटा घरीच राहिली! ती आणायचं काम माझ्याकडं. फेरी सुरू करायला घंटा नको? चेअरमनसाहेबांची जीप मागितली आणि कारखान्याला लागूनच असलेल्या त्या फौजीच्या गावात शिरलो. सोसायटीच्या ऑफिसपुढं लिंबाला रेल्वेरुळाचा एक तुकडा टांगलेला, बाजूला हातोडा. देवच पावला म्हणा!

सोसायटीचे सेक्रेटरी ज्ञानोबा दारातच बसले होते.

"न्या, पन लई वाजवू नका," ते म्हणाले.

"हो हो, तीन-चारदाच."

"आवो, आयका तर..."

कुणाला वेळ होता ऐकायला? रूळ जीपमध्ये टाकला आणि सुटलो.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. बायाबापड्या, म्हातारे, तोच सगळा गाव लोटलेला. पुढच्या खुर्चीत रेडिओचे साहेब, चष्मा पुसत बसलेले. त्यांना पाहिलं आणि माझं सगळं पाठांतर भुर्र! कागद हातात होते म्हणून वाचलो.

रिंगणात फौजी आणि हवालदार समोरासमोर आले. मी हातोडा उचलला आणि रुळावर ठाण्‌ ठाण्‌ ठाण्‌ दिले ठेवून! लगेच कागद नाकाजवळ धरले आणि सुरू झालो.

"फौजीचा डावा जॅब! हवालदार मागं सरला!"

काय गलका उठला म्हणता! खुर्च्या पडल्या, लोक ओरडायला लागले. मी मनात म्हणालो, वा रे पठ्ठ्या, पहिल्याच वाक्याला ही दाद! मान वर करायचा धीर नव्हता. ओळ चुकली असती ना!

"आणि हा हूक! हवालदार आडवा!" तिसऱ्या कागदावर मी त्याला परत उठवला आणि परत पाडला. तोवर मैदान एकदम चिडीचूप झालेलं. लोकांनी श्वास रोखलाय असं वाटून मला तर भरूनच आलं. शेवटचं वाक्य म्हणालो, "रक्तबंबाळ हवालदार कसाबसा उभा!" आणि मान वर केली.

मैदान रिकामं! माणूस म्हणून नाही! फौजी नाही, पंच नाही, ज्यांचा सत्कार व्हायचा होता ते सरपंचही नाहीत. पुढं दोनच खुर्च्या भरलेल्या. एकीत चेअरमनसाहेब लालेलाल आणि दुसरीत रेडिओचे साहेब, तोंडावर रुमाल धरून.

रिंगणात कमरेवर ग्लोव्ह्ज ठेवून हवालदार एकटाच उभा. माझ्याकडं बघत म्हणाला, "म्या पडलो कवा बे?"

पुस्तकात लिहिलं होतं, फेरी संपली की घंटा द्यावी. मी दिली! ठाण्‌ ठाण्‌ ठाण्‌!

तेवढ्यात गावाकडून धापा टाकत ज्ञानोबा आले आणि त्यांनी माझ्या हातातला हातोडाच हिसकला.

"आवो, काय मांडलंय तुमी? त्यो टँकरचा रूळ हाय! वाजला की आख्खा गाव हंडे घेऊन आडावर पळतो! टँकर न्हाई म्हून बिचारे माघारी निगालते, तुमी पुन्यांदा वाजवला, पुन्यांदा पळाले!"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी आयकलं कवा?"

आमच्या नांदूरघाटला टँकरवाला हॉर्न द्यायचा हो! मला काय ठाऊक?

थोड्या वेळानं गाव आला. पुढं बाया, काखेत रिकाम्या घागरी. त्यांच्या मागं फौजी, हातात ग्लोव्ह्ज तसेच, दंडाला रिकामा हंडा अडकवलेला. एक म्हातारी माझ्या पुढ्यात घागर आदळून म्हणाली, "बोलव आता तुझा टँकर! न्हाईतर हितनं हलू देनार न्हाई!"

शेवटी चेअरमनसाहेबांनी कारखान्याचा टँकर काढला. रांग लावायला माईकवर मलाच उभं केलं. कुणाचा नंबर, कुणाच्या किती घागरी, संध्याकाळपर्यंत ओरडलो. सामना राहिला तो राहिलाच. बातमीत मलाच लिहावं लागलं, 'पाण्याअभावी सामना तहकूब.'

रेडिओचे साहेब रुमाल खिशात घालून निघून गेले. संपलं, म्हणालो. पंधरा दिवस तसेच गेले. पोस्टमन दिसला की मी घरात दडायचो.

आणि एक दिवस पाकीट आलं! बायकोनंच फोडलं, मी दाराआड उभा. तिनं मोठ्यानं वाचलं, "आपला आवाज खणखणीत आहे. क्रीडा विभागात मात्र आपणास घेता येत नाही. जे घडलेच नाही ते डोळ्यांपुढे उभे करण्याची आपली हातोटी पाहता, आपण नाट्य विभागाकडे अर्ज करावा."

मी म्हणालो, "म्हणजे नोकरी लागली की गेली गं?"

बायकोनं पत्राची घडी घातली. "लागली की! खोटं लई झ्याक बोलता म्हून बोलावलंय."