कोकरू स्वतःहून जात नाही

आमच्या मंडळीत कुणी चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाचं विचारलं की बाकीच्या बायका माझ्यासाठी सारवासारव करतात. "तिने सोडला हो, नोकरीमुळे." काही सोडला-बिडला नाही. मला काढलं. ऐंशीच्या दशकात, घाटकोपरला, उपासनेनंतर, सगळ्यांदेखत. आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली होती. तिथे आठ ते बारा वर्षांची वीसेक मुलं आणि मी. आठवडाभर मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसायची, रविवारी इथे बडबड. निळं फ्लॅनेलचं कापड लावलेला एक फळा होता. चित्रांच्या मागे पॉलिश पेपर चिकटवायचा, म्हणजे ती कापडाला धरून बसत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी त्यावर वेदी लावायची, शेजारी पांढरं कोकरू, मग वधस्तंभ. पूर्वी लोक पापासाठी कोकरू कापायचे, मग येशू स्वतःच कोकरू झाला, त्याने आपल्याला माफ केलं, म्हणून आपण दुसऱ्याला माफ करायचं. दहा मिनिटांत विषय खलास. मला वाटायचं, काय झकास शिकवते मी!

वर्गात एक दहा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील देवनारच्या कत्तलखान्यात कामाला. मंडळीचा कारभार पाहणारे जे पंच होते, त्यांची नात त्याच वर्गात. तिने एकदा नाक दाबून "वास येतो हिला" म्हणत हिला चर्चच्या पायरीवरून ढकललं. हिचा पुढचा दात अर्धा तुटला. दुधाचा नव्हे, पक्का दात. पंच म्हणाले, "खेळताना पडतातच मुलं." सॉरी कुणी म्हटलं नाही, नातीनेही नाही, आजोबांनीही नाही.

आणि मी काय केलं? पुढच्याच रविवारी दात तुटलेल्या मुलीला फळ्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, "येशूने एवढं सोसलं, आणि तुला एक दात जड झाला? चल, म्हण, माफ केलं." हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते.

ती त्या कागदी कोकराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टीचर, कोकरू स्वतःहून नाय जात. पप्पांना डबा द्यायला जाते ना मी, गेटवरून दिसतं. ट्रकमधून उतरवतात तेव्हा पाय रोवून बसतात ती. मागून ढकलायला लागतं. आणि ही तर मला सॉरी पण नाय बोलली."

पोरं फिदीफिदी हसली. मी तिला खाली बसवलं. पण आठवडाभर चैन पडलं नाही. पोरगी बरोबर होती! कोकराला कुणी विचारत नाही. येशू मात्र आपल्या पायांनी गेला. त्याला धरायला आले त्या रात्री बागेतून पळून जाता आलं असतं, घाम फुटला होता, तरी गेला. कुणी ढकललं असतं तर त्याला त्याग कोण म्हणणार? आणि मागून ढकलणारी कोण होती त्या खोलीत? मीच की!

आमच्याकडे एक रीत होती. ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या, सणाआधी ज्यांचं ज्यांचं वाकडं असेल, त्यांनी उपासनेनंतर पुढे येऊन सर्वांसमक्ष हात मिळवायचे. पंचांनी सणाआधीच्या रविवारी दोघी मुलींना पुढे बोलावलं. "हात दे आणि क्षमा केली म्हण," हे फक्त हिलाच. नात खाली बघत उभी. हिने हात पाठीमागे नेले. मग पंच म्हणाले, "समेट नाही, तर सणाला वचन म्हणायचं नाही."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. सणाच्या उपासनेत बायबलमधला पुनरुत्थानाचा उतारा ती तोंडपाठ म्हणणार होती. महिनाभर घोकत होती बिचारी. तो ऐकायला तिचे वडील पहिल्यांदाच चर्चमध्ये येणार होते. एरवी यायचे नाहीत, बाकावर शेजारचे सरकून बसतात म्हणून. बाकावरून तिची आई कुजबुजली, "बोलून टाक ना गं एकदाचं!" पंचांनी मुलीचं मनगट धरलं आणि नातीच्या हातापर्यंत ओढलं.

माझं डोकंच फिरलं. मी पुढे गेले आणि पंचांचं मनगट धरलं. "हात सोडा तिचा."

"बाई, तुम्हीच शिकवता ना क्षमा?"

"चुकीची शिकवली. ओढून नेऊन क्षमा होत नसते. येशूला कुणी ओढलं नव्हतं. आधी तुमच्या नातीला विचारा तिने काय केलं, मग हिच्याकडे क्षमा मागा. आणि हिने नाही म्हटलं, तर तेही ऐकून घ्या."

 उपासना चालवणारे पाळकसाहेब चष्मा पुसत बसले. पंच म्हणाले, "उद्यापासून वर्ग तुमच्याकडे नाही." मी म्हटलं, "तसं लिहून द्या, सहीसकट." दिलंही त्यांनी. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

सणाचा उतारा दुसऱ्याच मुलाने म्हटला, तोही अडखळत. वडील मात्र आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते शेवटच्या बाकाच्याही मागे उभे होते. उपासना सुटल्यावर मी त्या मुलीला आवारातच म्हटलं, "म्हण गं इथे." तिने म्हटलं, सगळं, एकही शब्द न चुकता. माझ्या वर्गातली पोरं भोवती उभी राहिली. वडील मान खाली घालून ऐकत होते. डोळे पुसायला त्यांच्याकडे रुमाल नव्हता.

तेवढ्यात पंच पायऱ्या उतरून आले, नातीचा हात धरून. मला त्यांच्यासमोरच बोलायचं होतं. मी त्या मुलीपुढे गुडघ्यांवर बसले. "त्या दिवशी फळ्याजवळ मी तुला जबरदस्तीने माफ केलं म्हणायला लावत होते. माझं चुकलं. मला माफ करशील? नाही म्हणालीस तरी चालेल."

 तिने पंचांकडे एकदा पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि मग मला म्हणाली, "तुम्हाला केलं माफ, टीचर. तुम्ही मागितलीत ना."