अलार्म वाजला तर कोण उठतं

माझे धाकटे दीर बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळतात. तिथल्या नळ्यांतून गारव्यासाठी अमोनिया हा विषारी वायू फिरतो. नळी फुटली तर माणूस दारापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून भिंतीवर अलार्म आहे. पण जरा ओल लागली तरी तो बोंबलतो, त्यामुळे कामगारांनी आपली वेगळीच पद्धत पाडली: अलार्म वाजला की भाऊजींकडे बघायचं. ते हवा हुंगतात. बसून राहिले तर पोती उचलत राहायची, खुर्चीतून उठले तर पळत सुटायचं.

गेल्या आठवड्यात ते दुपारी चहाला आले आणि बोलण्याच्या नादात माझं दूध करपलं. मला ठसका लागला, भाऊजी शेगडीशेजारी निवांत पेपर वाचतायत.

"भाऊजी, घरभर वास सुटलाय आणि तुम्ही ढिम्म?"

"तुमच्या हातचं रोजच करपतं, वहिनी. सवय झाली."

मी कांदा फोडून त्यांच्या नाकाखाली धरला. काही नाही. मग त्यांनी कबूल केलं: मागच्या तापानंतर वास गेला, तो गेलाच.

"मालकाला सांगितलंत?"

"सांगून? घरी बसवतील. ह्या वयात मला ठेवणार कोण?"

मला असला मूर्खपणा सोसत नाही. म्हटलं, "अलार्म हा शब्द कुठला, ठाऊक आहे? इटलीतला. पहारेकरी ओरडायचा, 'आल्लार्मे!', म्हणजे 'शस्त्रं घ्या!' ऐकलं की उठायचं, बस्स. पुढे त्या आरोळीलाच ते नाव पडलं, मग छातीतल्या धडधडीला आणि वाजणाऱ्या डब्यालाही. तुम्हाला तेवढा डबाच माहीत."

"तो पहारेकरी रोज उगाच ओरडला असता ना, तर शिपायांनीच त्याला तटावरून ढकलून दिलं असतं."

"विषय बदलू नका. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"नका हो! वाजला की मी दरवेळी उठेन. मग तर झालं?"

तसं केलंही त्यांनी. पहिल्यांदा सगळे जीव घेऊन पळाले. नंतर आवारात उभे राहून हसले. काल कोणी पोतंही खाली ठेवलं नाही.

आज मी मालकाला गाठायचं ठरवून निघाले. फाटकाशी पोहोचले तर अलार्म वाजत होता. भाऊजी दारात हातवारे करत ओरडत होते, "बाहेर या रे!"

आतून कोणीतरी हसत म्हणालं, "काका, बसा हो जरा!"

तेवढ्यात फाटकाशीच माझ्या नाकात उग्र दर्प शिरला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.