गिनतीतली रिकामी जागा

मामाजी, म्हणजे माझे सासरे, इतके सावकाश बोलायचे की त्यांच्या दोन शब्दांच्या मध्ये माझी भाजी फोडणीला टाकून व्हायची. लग्न होऊन मोहाडीला आले तेव्हापासून मी त्यांच्यासोबत मागावर बसते. मी दुकानदाराची पोर. माहेरी गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत माल काट्यावर. आणि इथे हे म्हणायचे, "दोन." मग सगळं शांत. मग केव्हातरी, "तीन." माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

हे आकडे म्हणजे करवतीची गिनती. आमच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीला करवतीच्या दातांसारखा काठ असतो. काठाचा रंगीत धागा अंगाच्या कोशात किती दोरे आत न्यायचा, त्यावर दात लहानमोठा होतो. साधी करवत मी मामाजींच्या तोंडून ऐकत ऐकतच शिकले, ती आता झोपेतही विणीन. पण त्यांच्या आज्याच्या हातची चढती करवत वेगळी. तिच्यातला एकही दात शेजारच्या दाताशी जुळत नाही. माप हळूहळू चढत जातं आणि मध्येच एका जागी पलटी खाऊन उतरायला लागतं. ही गिनती कुठे लिहिलेली नाही. नवऱ्याने माग सोडून साड्या विकायचं काम धरलं, तेव्हा ती मामाजींपाशीच अडकून राहिली.

गेल्या हिवाळ्यात साकोलीच्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीच्या मामाकडून, म्हणजे आमच्या घरून, जाणारी साडी चढत्या करवतीचीच असेल, असा शब्द मामाजींनी देऊन टाकला. निम्मी साडी त्यांनी स्वतः विणली आणि मोतीबिंदूने डोळे धरले. ऑपरेशन साकोलीला, मुक्काम नणंदेकडे, आणि डॉक्टरांनी बजावलं की जिथे कोशाचे तंतू उडतात तिथे महिनाभर फिरकायचं नाही. लग्न त्याच्या आधी. उरलेली साडी मला एकटीला उतरवायची होती, आणि गिनती माझ्या डोक्यात नव्हती, त्यांच्या तोंडात होती.

जायच्या आधी कागद-पेन देऊन त्यांना बसवलं. तिसऱ्या ओळीला अडकले. मागाचा ठोका पडल्याशिवाय पुढचा आकडा तोंडात येतच नाही म्हणाले. मग मी नवऱ्याचा मोबाईल पिशवीत घालून मागाच्या आडव्या लाकडाला टांगला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. मी विणतेय, मामाजी बाजूला बसून सांगताहेत. पाच दिवसांत चढतीचा एक अख्खा फेरा आठ तुकड्यांत भरला. असे दोन फेरे अजून विणायचे होते. सहाव्या दिवशी मामाजी एसटीत बसले.

मोबाईल नवऱ्यासोबत सकाळीच सानगडीच्या नाहीतर आणखी कुठल्या बाजाराला जातो. मागाजवळ राहतो तो भजनाचा डबा, मेमरी कार्ड घातलं की वाजणारा. हातांत धोटे, पाय मागाखालच्या खड्ड्यात, दाबायच्या पावड्यांवर, म्हणजे एकदा लावलं की आपोआप वाजत राहणारंच काहीतरी मला हवं होतं. मी मोठ्या ऐटीत आठही तुकडे कार्डावर टाकून बटण दाबलं. डब्याने लाल दिवा लुकलुकवला, आकडा दाखवला, उडी मारली आणि सरळ भजन लावलं. आठही तुकड्यांना हीच तऱ्हा.

मोबाईलच्या दुकानदाराने सांगितलं की फाइलचा प्रकार वेगळा आहे, तुमचा डबा फक्त एमपीथ्री घेतो, ठेवून जा, दोन दिवसांनी बदलून देतो. दोन दिवस माझ्याकडे कुठले? घरी येऊन नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि एका हिंदी व्हिडिओसमोर शिकायला बसले. आणि काय सांगू, मला ते भयंकर आवडलं. आवाज तोच, फक्त ठेवायची तऱ्हा निराळी. दुकानात द्यायच्या साडीची घडी आम्ही वेगळी घालतो आणि लग्नाच्या ताटात ठेवायच्या साडीची वेगळी, तसंच ते. शिवाय दोन्ही प्रकार आवाज दाबून लहान करतात, म्हणजे कानाला पत्ता लागणार नाही तेवढं गाळून टाकतात. कानाला न कळणारं काय असतं हे कोणीतरी बसून शोधून काढलंय, याने मी इतकी हरखले की नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्याने जेवायला मागितलं.

सगळं झाल्यावर ॲपने शेवटचं विचारलं, मधली शांतता, म्हणजे बोलणं नसलेला भाग, काढून टाकायची का? फाइल आणखी लहान होईल. मला हसूच फुटलं. इतकी वर्षं मी देवाकडे जे मागत होते, ते एक ॲप फुकटात देत होतं. दाबलं हो. आठही फाइली चिमटीएवढ्या झाल्या. मग जुन्या कशाला ठेवायच्या म्हणून त्या पुसूनही टाकल्या. पसाऱ्याच्या बाबतीत माझी हीच रीत आहे.

सकाळी नवरा बाजाराला निघायच्या आत मी मागावर. डब्यातून मामाजींचा आवाज आला आणि मी जागच्या जागी उसळले. पाय खड्ड्यात होते म्हणून, नाहीतर नाचलेच असते. पण ते म्हणत होते, "दोनतीनतीनपाच," आणि माझा पहिला धोटा अजून पलीकडे पोचला नव्हता. बंद केलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. ज्या माणसाने आयुष्यात घाई केली नाही, तो लिलाव पुकारल्यासारखा सुटला होता. अर्ध्या तासात मी चार ओळी चुकवल्या आणि चारही उसवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवरा दारातच होता. त्याच्या मोबाईलवरून साकोलीला फोन लावला आणि मामाजींवरच घसरले. रेकॉर्डिंग बिघडलं, जुनं पुसलं गेलं, आता तिथूनच पुन्हा बोला आणि या वेळी जरा बेताने थांबा, तुमच्यासारखं युगभर नको, असं काय काय म्हणून गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले,

"मी कुठी थांबत होतो, बाई? तुया हात थांबे, तं मी वाट पाहो."

नवऱ्याने फोन मुकाट्याने घेतला आणि त्यातली कचरापेटी उघडून दाखवली. साड्यांचे फोटो चुकून पुसायची त्याची जुनी सवय, म्हणून त्याला ठाऊक होतं की पुसलेलं तिथे काही दिवस पडून असतं. आठही फाइली होत्या. जीव भांड्यात पडला.

पहिली लावली. या वेळी आकड्यांकडे नाही, मधल्या जागेकडे कान दिला. "दोन," ते म्हणाले. माझ्या बांगड्या वाजल्या. धोटा सरकला, अडला, मी स्वतःशी काहीतरी करवादले. मग ओळ घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका पडला आणि त्याच्या मागोमाग, "तीन." जिथे मी अडखळले होते तिथे ते तेवढेच थांबले होते, जिथे हात सरळ चालला तिथे लगेच बोलले होते. ज्या सावकाशीला मी इतकी वर्षं नावं ठेवली, ती माझीच होती. मला लाज वाटली, खूप वाटली, आणि त्याच घडीला इतका आनंद झाला की कोणाला सांगू आणि कोणाला नको. नवऱ्याचा त्या दिवशीचा बाजार बुडाला. मी आठही फाइली शांततेसकट पुन्हा बदलून घेतल्या आणि तीनदा तपासल्या.

मग डबा बोले आणि मी विणे. चौथ्या दिवशी एक मजा झाली. "पाच" ऐकून मी ओळ पुरी केली, ठोका मारला, आणि डबा गप्प. आत नुसत्या बांगड्या वाजत होत्या. तिथली मी अजून दोरा सोडवत बसले होते आणि इथली मी तिची वाट पाहत होते. मागावर एकटीच मोठ्याने हसले. मग हे दर ओळीला व्हायला लागलं. आकडा यायच्या आत माझा हात त्या दोऱ्यावर जाऊन बसलेला असायचा. शेवटचा फेरा सुरू झाला तेव्हा मी डबा बंदच करून टाकला.

बंद केल्यावर मात्र भीती वाटली. चढती जमली होती, पण पलटी एका ओळीने जरी चुकली तरी सगळा काठ वाकडा दिसतो, आणि शब्द मामाजींनी दिलेला. पलटीआधीचा शेवटचा दात आला त्या दिवशी नवऱ्याला मी घरी थांबवून घेतलं. साकोलीला फोन लावला, मामाजींना एवढंच म्हटलं की हा शेवटचा चढता दात, आणि फोन त्याच पिशवीत टांगून विणायला लागले.

त्यांनी काही विचारलं नाही. एक ठोका पडला, दुसरा पडला. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ते कानाने पाहत असणार. मी मनातसुद्धा आकडे म्हणत नव्हते. दात वाढत गेला. मग एका ठोक्यानंतर हात आपोआप थबकला आणि धागा पुढे न्यायच्या ऐवजी मागे घ्यायला वळला. त्याच वेळी पिशवीतून आवाज आला,

"पलट."

मी म्हटलं, "पलटली, मामाजी."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. ती शांतता माझ्या हाताची नव्हती. या वेळी मी वाट पाहिली.