कॉलिनला न आठवणारा गोल

एका आजारी माणसाला मी दारुडा ठरवलं. लेखी.

तो गेल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियात वारला.

कॉलिन. आमच्या जेद्दाच्या हॉस्पिटलात सहा वर्षं फिजिओथेरपिस्ट होता. त्याआधी फुटबॉलपटू.

आपण टीव्हीवर बघतो तो फुटबॉल नव्हे. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा वेगळाच खेळ आहे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. हात चालतात, पाय चालतात. डोक्यावर हेल्मेट वगैरे काही नाही.

समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत चढायचं आणि वरच्या वर चेंडू झेलायचा, ही कॉलिनची खासियत. गव्हाच्या शेतांमधल्या लहानशा गावातून अठराव्या वर्षी तो मोठ्या लीगमध्ये गेला आणि दहा सीझन खेळला.

"उडी कोणीही मारतं, मेट्रन. करिअर लँडिंगवर ठरतं."

मेट्रन म्हणजे मी, रिहॅब वॉर्डची हेड नर्स. पेशंट त्याला कॅप्टन म्हणायचे. इथे कोचला असंच म्हणतात.

त्याची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. सेमीफायनलला तो डोक्यावर पडला, शुद्ध गेली. बाजूला नेऊन कोणी तरी नाकाखाली उग्र वासाची बाटली धरली आणि त्याला परत मैदानात पाठवलं. शेवटच्या मिनिटाला जिंकून देणारा गोल त्यानेच मारला.

"आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल, आणि मला तो आठवतच नाही! दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बघितला!"

सगळे हसायचे. मीही.

तीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला ही गोष्ट विनोदी वाटत होती.

डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक पेशंटला मी विचारते, "याआधी असं किती वेळा झालंय?" कॉलिनला कधीच विचारलं नाही. तो पेशंट नव्हता ना.

जिममध्ये त्याचा एक लाल चेंडू असायचा. अबू सालेह नावाचे आजोबा होते, स्ट्रोकने उजवा हात गेलेला. कॉलिन त्यांना मुठीने तो चेंडू मारायला लावायचा. नेम चुकला की ओरडायचा, "वन पॉइंट!" त्यांच्या खेळात गोल थोडक्यात हुकला तरी एक पॉइंट मिळतो म्हणे.

"यल्ला कॅप्टन, अजून एक!" आजोबा हट्टाला पेटायचे.

इथल्या शेवटच्या वर्षी कॉलिन बदलला.

शब्द विसरायला लागला. उगाच चिडायचा. एकाच टी-ब्रेकमध्ये तीच सेमीफायनल दोनदा सांगायचा. रविवारी सकाळी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, चालताना झोक जायचा.

या देशात दारूबंदी आहे, आणि परदेशी लोकांच्या काही कंपाउंडमध्ये, म्हणजे वसाहतींत, ती घरीच गाळतात हेही सगळ्यांना माहीत आहे. वीकेंडनंतर गोरा माणूस अडखळला की काय समजायचं, ते आमचं आधीच ठरलेलं.

एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला.

"मेट्रन, ती टॉर्च पेशंटच्या डोळ्यांत मारता ना? जरा माझ्याही मारून बघा."

"वीकेंडच्या पार्ट्या कमी करा, डोळे आपोआप साफ होतील."

मी चार्टमधून मान वर केली नाही.

"फेअर इनफ," म्हणाला आणि गेला.

टॉर्चने काही दिसलं नसतं, हे मला कळतं. पण दोन प्रश्न विचारले असते तर त्याला न्यूरोलॉजीला पाठवता आलं असतं.

महिन्याभराने अबू सालेहना चालवताना त्याचा तोल गेला. दोघेही पडले. आजोबांना खरचटलंही नाही. "कॅप्टन, वन पॉइंट!" जमिनीवरूनच म्हणाले.

मी इन्सिडेंट रिपोर्ट लिहायला घेतला.

आमची शायनी, केरळची स्टाफ नर्स, मागे उभी होती. "मॅडम, मैंने उठाया उनको. स्मेल तो नहीं आया."

"तुम अपना काम करो, शायनी."

ज्युनिअर मुलींना मी एकच गोष्ट घोकून घेते. रिपोर्टमध्ये जे दिसलं तेच लिहायचं. निष्कर्ष लिहायचा नाही.

मी लिहिलं, 'कर्मचारी नशेत असल्याचे दिसले.'

टेस्ट कोणी केली नाही. पॉझिटिव्ह आली असती तर हॉस्पिटलचंच नाव खराब झालं असतं. तीन आठवड्यांत पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का, म्हणजे नोकरी गेली आणि देशही सोडायचा. खलास.

जाताना तो चेंडू अबू सालेहना देऊन गेला. मला म्हणाला, "मेट्रन, तुम्ही अंपायर चांगल्या झाला असता."

टोमणा होता का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा शायनीने त्याच्या बहिणीचा मेसेज फॉरवर्ड केला. खेळताना डोक्याला बसलेल्या मारांमुळे मेंदू झिजत गेला, असं डॉक्टरांचं म्हणणं. शेवटी तो बहिणीलाही ओळखत नव्हता. हातात चेंडू दिला की मूठ मात्र बरोबर मारायचा.

पुढे तिने लिहिलंय, "तो सारखा म्हणायचा, जेद्दात माझ्या हातून काही तरी फार वाईट घडलं, पण काय ते आठवत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का?"

मला माहीत आहे.

दोन दिवस मोबाइल उपडा ठेवला. आज सकाळी तिला उत्तर पाठवलं. या वेळी फक्त जे दिसलं ते.

तो अडखळला.
पेशंटला इजा झाली नाही.
त्याच्या तोंडाला वास नव्हता. हे मला सांगितलं गेलं होतं.
त्याने मला तपासायला सांगितलं होतं. मी तपासलं नाही.
त्याच्या हातून वाईट काही घडलं नाही. माझ्या हातून घडलं.

खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

तिचं उत्तर अजून आलेलं नाही. ते यावं अशी अपेक्षाही नाही.

कॅप्टन, हा रिपोर्ट तुम्ही असताना लिहायला हवा होता.

तुम्हाला माझा नमस्कार.